रागाचा पत्ता

राग आला की तो शरीरात कुठेकुठे जाणवतो हे मराठी भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तळपायाची आग मस्तकाला जाते, पित्त खवळते, माणूस दात-ओठ खातो, डोक्यात राख घालून घेतो. भीतीचेही तसेच. पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते, छातीत धस्स होते. आपल्या आज्या-पणज्यांनी शरीरशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते, पण भावना नुसती 'मनात' नसते, ती आतड्यात, घशात, तळहातातही असते, हे त्यांच्या रोजच्या बोलण्यात होते.

प्रयोगशाळेत हे मोजून सिद्ध व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. मी शाळेत आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले, विज्ञान नाही. तेव्हा हा लेख इतिहासाच्या शिक्षिकेने लिहिला आहे असे समजूनच वाचावा. रागाचा शोध कोणी आणि कसा घेतला, आणि शोध लागल्यावर माणसांनी त्याचे काय केले, हा त्याचा विषय. (आमच्या घरातली मंडळी हा विषय वाचून हसतील. माझा राग त्यांनी जवळून पाहिलेला आहे!)

सुरुवात करू विल्यम जेम्सपासून. हा अमेरिकेत हार्वर्डला शिकवणारा तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. 'भावना म्हणजे काय?' असा सरळ प्रश्न मथळ्यात घेऊन त्याने १८८४ मध्ये एक लेख लिहिला. आपण समजतो की अस्वल दिसले, भीती वाटली, म्हणून पळालो. जेम्सचे म्हणणे उलटे होते. अस्वल दिसताच शरीर आधी थरथरते आणि पळू लागते, आणि त्या थरथरीची जी जाणीव होते तिलाच आपण भीती म्हणतो. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये कार्ल लांगे यानेही स्वतंत्रपणे असेच काहीसे मांडले. ही कल्पना पुढे बरीच दुरुस्त झाली, पण तिच्यामुळे एक गोष्ट झाली. भावनेचा अभ्यास करायचा तर शरीराकडे बघायला हवे, हे लोकांना पटू लागले.

जेम्सच्या हार्वर्डमध्येच वॉल्टर कॅनन नावाचा विद्यार्थी होता. राँटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ च्या अखेरीस, आणि त्यानंतर वर्षभरातच हा वैद्यकाचा विद्यार्थी ते किरण वापरून प्राण्यांचे पचन पाहू लागला. मांजराला बिस्मथचा क्षार मिसळलेले अन्न द्यायचे आणि जठर कसे आकुंचन-प्रसरण पावते ते पडद्यावर बघायचे. हे करताना त्याच्या लक्षात आले की मांजर घाबरले किंवा चिडले की जठराची हालचाल एकदम थांबते, आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होते. खरे तर कॅननला पचनाचा अभ्यास करायचा होता, हा राग मध्येच कडमडला होता. दुसऱ्या एखाद्याने त्या नोंदी बाजूला टाकल्या असत्या. कॅननने त्यांचाच पाठपुरावा केला. 'जेवताना भांडू नका, अन्न अंगी लागत नाही' असे माझी आई म्हणायची. तिला कॅनन माहीत नव्हता आणि कॅननला ती, पण दोघांचे निरीक्षण एकच होते.

मग प्रश्न आला, जठराला ही बातमी पोचवते कोण? मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क ग्रंथी. त्यांच्यातला रस जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने याने १९०१ च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळा काढला होता. तेच ॲड्रेनॅलिन. कॅननने १९११ मध्ये एक प्रयोग केला. शांत मांजराचे रक्त घेतले, मग त्याच्यासमोर कुत्रा भुंकवला आणि पुन्हा रक्त घेतले. तेव्हा रक्तातले ॲड्रेनॅलिन मोजायला यंत्रे नव्हती. त्याऐवजी आतड्याच्या स्नायूची एक पट्टी द्रवात टांगून ठेवत. ती लयीत आकसत-सैलावत राहते, आणि ॲड्रेनॅलिन लागले की सैल पडते. शांत मांजराच्या रक्तात पट्टी आपली हलतच राहिली, घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली. म्हणजे भीती रक्तातून वाहत होती!

यातून कॅननने १९१५ मध्ये वेदना, भूक, भीती आणि राग यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. संकट आले की हृदय जोरात धडधडते, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते, यकृत साखर सोडते, रक्त लवकर गोठू लागते, म्हणजे जखम झालीच तर रक्तस्राव कमी व्हावा. लढायचे तरी, नाही तर पळायचे तरी; दोन्हीसाठी तयारी एकच. राग आणि भीती शरीराच्या पातळीवर जुळ्या बहिणी आहेत, हे त्याने दाखवले.

त्या पुस्तकातली एक हकीकत मला फार आवडते. हार्वर्डच्या फुटबॉल संघाचा १९१३ च्या हंगामातला शेवटचा, अटीतटीचा सामना झाला. सामना संपताच पंचवीस खेळाडूंची लघवी तपासली. बारा जणांच्या लघवीत साखर सापडली, आणि त्या बारांतले पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते! नुसते बाकावर बसून होते. शरीराने लढाईसाठी शिधा बाहेर काढला होता, पण लढायची पाळीच आली नाही.

बाकावर बसून राहिलेल्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेली याच्यापाशी वेगळ्या वाटेने आला. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, अतिश्रम द्या किंवा विषारी औषध टोचा, कारण काहीही असो, परिणाम तेच दिसत: अधिवृक्क ग्रंथी सुजत, छातीतली थायमस ग्रंथी आकसत जाई आणि जठरात व्रण पडत. १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याने हे जेमतेम पानभर टिपण छापले. पुढे या अवस्थेला त्याने 'स्ट्रेस' हा शब्द वापरला. आज आपण 'टेन्शन' म्हणतो, 'ताण' म्हणतो, त्यामागे ते उंदीर आहेत. क्षणापुरती कामाला येणारी तयारी महिनोन्महिने चालू राहिली तर तीच शरीराला खाते.

इथपर्यंतचा इतिहास वाचताना मन प्रसन्न होते. पुढचा भाग तसा नाही.

शरीरात काय घडते ते कळले. आता मेंदूत राग नेमका राहतो कुठे याचा शोध सुरू झाला. कॅननच्याच प्रयोगशाळेतल्या फिलिप बार्डने १९२८ मध्ये दाखवले की मांजराच्या मेंदूचा वरचा मोठा भाग काढून टाकला तरी राग शिल्लक राहतो, उलट वाढतो. नुसता हात लावला तरी ते मांजर पाठीची कमान करून फिसकारते. पण मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग काढला की तो पुरा आविष्कार थांबतो. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला वॉल्टर हेस जाग्या मांजरांच्या मेंदूत बारीक तारा ठेवून त्याच भागाला विजेचा हलका झटका देत असे. समोर शत्रू नाही, कुत्रा नाही, तरी मांजर अंगावर धावून येई, आणि वीज बंद केली की शांत. १९३७ मध्ये शिकागोला क्ल्यूव्हर आणि ब्यूसी यांनी एका माकडाच्या मेंदूचे कानशिलाकडचे दोन्ही भाग काढले, तर ते आक्रमक माकड एकदम निर्भय आणि गरीब झाले. सापासारख्या भीतीच्या वस्तूही ते उचलून तोंडात घालू लागले. त्या भागात आत बदामाच्या आकाराचा एक पुंजका असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात, ग्रीक भाषेत बदामच. सगळ्यांचे लक्ष या बदामावर गेले.

रागाचा पत्ता सापडला, असे लोकांना वाटले. आणि पत्ता सापडल्यावर माणूस स्वस्थ बसत नाही.

नोव्हेंबर १९३५ मध्ये पोर्तुगालमध्ये लिस्बनला एगाश मोनीश या डॉक्टरने मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत, असा भाग काढल्यावर एक चिडकी चिंपांझी शांत झाल्याचे सांगितले गेले होते, आणि मोनीश त्या परिषदेला हजर होता. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन याने ही पद्धत उचलली आणि १९४६ पासून तर डोळ्याच्या वरच्या खोबणीतून टोकदार हत्यार आत घालून काही मिनिटांत ती उरकू लागला. हजारो माणसांवर ती झाली. अनेक जण शांत झाले, हे खरे. पण पुष्कळांच्या बाबतीत त्या शांततेबरोबर उत्साह गेला, पुढाकार गेला, माणूसपणाचा ओलावा गेला. १९४९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दोघांत वाटून दिले गेले. एक झुरिकचा हेस, दुसरा लिस्बनचा मोनीश. मेंदूत राग कुठे पेटतो ते दाखवणारा आणि मेंदू कापून माणसाला शांत करणारा, दोघांना एकाच वर्षी एकच पारितोषिक.

१९५२ पासून मनोविकारांवर क्लोरप्रोमॅझिन हे औषध वापरात आले आणि मोनीशच्या पद्धतीची शस्त्रक्रिया हळूहळू मागे पडली. पण तो बदाम विसरला गेला नव्हता. तोक्योला हिरोतारो नाराबायाशी यांनी १९६३ मध्ये आपल्या रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. कवटीला लहान छिद्र पाडून, मोजमापाने सुई नेमकी अमिग्डालापर्यंत न्यायची आणि तेवढाच भाग निकामी करायचा.

हे सगळे परदेशातले असे वाटत असेल, तर आता मद्रासला जाऊ. बी. राममूर्ती हे आपल्या देशातल्या न्यूरोसर्जरीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९५० मध्ये त्यांनी मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलमध्ये हा विभाग सुरू केला. त्यांचे सहकारी व्ही. बालसुब्रमण्यम आणि टी. एस. कनक. या कनकबाई आशियातल्या अगदी पहिल्या स्त्री न्यूरोसर्जनांपैकी. फार गुणी आणि कष्टाळू माणसे ही. १९६० च्या दशकापासून पुढे त्यांनी अनावर आक्रमकता असलेल्या शेकडो रुग्णांवर अमिग्डालाची, आणि काहींवर हायपोथॅलॅमसची शस्त्रक्रिया केली. रुग्णांत मुलेही होती. या उपचाराला त्यांनी नाव दिले होते 'सिडेटिव्ह न्यूरोसर्जरी', म्हणजे शांत करणारी मेंदूशस्त्रक्रिया. रुग्ण शांत आणि हाताळण्याजोगा व्हावा, असा तिचा उद्देश त्यांनीच लिहून ठेवला आहे.

'हाताळण्याजोगा' या शब्दाशी मी थांबले. साठ मुलांचा वर्ग ज्याने सांभाळला आहे त्याला हा शब्द परका नाही. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, असे मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळेच मानतात. पण मूल शांत झाले म्हणजे बरे झाले असे म्हणायचे का? आणि हाताळण्याजोगे म्हणजे कोणाला?

मद्रासच्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. अपस्मार किंवा मेंदूज्वरानंतर स्वतःचे डोके भिंतीवर आपटणारे, स्वतःलाच चावणारे मूल ज्या घरात असते, त्या आईबापांकडे तेव्हा औषधेही थोडी होती आणि आधारही थोडा. अशा घराला थोडी झोप मिळाली असेल, तर ती लहान गोष्ट नाही. मेंदूच्या आजारामुळेही आक्रमकता येते, हेही खरे. धोका असतो तो एका रुग्णाविषयीची गोष्ट सगळ्या समाजाला लावण्यात.

असे झालेही. जुलै १९६७ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट शहरात मोठी दंगल झाली, त्रेचाळीस माणसे मेली. मुळाशी वंशभेद, बेकारी, दाटीवाटीच्या वस्त्या, पोलिसांची वागणूक. त्यानंतर दोनच महिन्यांत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टनच्या तीन डॉक्टरांचे (मार्क, स्वीट आणि अर्विन) पत्र छापून आले. त्यांचा युक्तिवाद असा, की गरिबी तर वस्तीतल्या सगळ्यांनाच आहे, मग दंगल थोडेच लोक का करतात? त्या थोड्यांच्या मेंदूत काही बिघाड आहे का, हे शोधायला हवे.

वाचकहो, इतिहासाच्या तासाला मी मुलांना निमित्त आणि कारण यांतला फरक शिकवत असे. १८५७ च्या उठावाला काडतुसे हे निमित्त झाले. कारणे लिहायला सांगितली तर नुसती काडतुसे लिहून चालत नाही. या पत्रात तर निमित्तही नव्हते, नुसते ठिकाण होते. राग मेंदूत निर्माण होतो एवढ्यावरून रागाचे कारणही मेंदूतच असले पाहिजे, असे मानले गेले होते. मग घरभाडे, नोकरी, अपमान यांकडे बघायची गरजच उरत नाही!

या विचाराला विरोधही झाला. १९७३ मध्ये त्याच डेट्रॉइटच्या न्यायालयात एक खटला गाजला. सक्तीने डांबून ठेवलेल्या माणसाने अशा प्रायोगिक मेंदूशस्त्रक्रियेला दिलेली संमती खरी मानता येणार नाही, असा निकाल लागला. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट अट घातली आहे की रुग्णाने समजून-उमजून दिलेली संमती आणि संबंधित मंडळाची मान्यता, दोन्ही असल्याशिवाय मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करता येत नाही.

तो बदाम म्हणजे रागा-भीतीचे एकुलते एक घर, ही समजूतही आता टिकलेली नाही. एका दुर्मीळ आजाराने दोन्ही अमिग्डाला निकामी झालेली एक अमेरिकन स्त्री सापाला घाबरत नसे. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तर ती भीतीने कासावीस झाली. एकाच दारावर पाटी लावावी असे हे घर नाही, पुरा वाडा आहे.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. आठवीत एक मुलगा होता. मागून कोणी खांद्याला हात लावला की तो गर्रकन वळून मारायचा, हातात असेल त्याने. एकदा कंपासपेटी फेकली. शिक्षकखोलीत त्याच्याविषयी दोन मते होती: एक, जन्मजात तापट, दोन, घरचे वळण. आमच्या चित्रकलेच्या सरांच्या मात्र लक्षात आले की बोलताना तो नेहमी मान वळवून डावी बाजू पुढे करतो. त्याच्या वडिलांना सांगून कान तपासून घेतला. उजव्या कानाने त्याला जवळजवळ काही ऐकू येत नव्हते, आणि ते घरात कोणालाच, खुद्द त्यालाही, नीट माहीत नव्हते. मागे मुले हसली की ती आपल्यालाच हसतात असे त्याला वाटायचे. कोणी हाक मारलेली कळायची नाही, एकदम हात पडायचा. त्याला उजव्या भिंतीकडच्या पहिल्या बाकावर बसवले, म्हणजे सगळा वर्ग डाव्या कानाला आला. मुलांनाही सांगितले की त्याला समोरून हाक मारा. तापटपणा पार गेला असे काही झाले नाही. पण कंपासपेटी पुन्हा उडाली नाही.

त्या मुलाचे ॲड्रेनॅलिन, त्याचा हायपोथॅलॅमस, त्याचा तो बदाम, सगळे आपापले काम चोख करत होते. कारण होते कानात, आणि वर्गातल्या हसण्यात.

शेवटी एक हकीकत माकडांची. रॉबर्ट सापोल्स्की हे अमेरिकन शास्त्रज्ञ केनियात मसाई मारा इथे वर्षानुवर्षे बबून माकडांच्या टोळ्यांचा अभ्यास करत होते. बबून नर म्हणजे भांडखोरपणाचा नमुना. खालच्या पायरीवरच्यांना सतत मार, त्यामुळे त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके जास्त. शेजारच्या टोळीला एका पर्यटक-निवासाच्या उकिरड्यावर आयते खाणे मिळे. या टोळीतले सगळ्यात भांडखोर नर तिथे जाऊन मारामारी करून त्यात वाटा मिळवत. १९८० च्या दशकात त्या उकिरड्यावरच्या दूषित मांसातून क्षयरोग पसरला आणि तिथे जाणारे ते नर मेले. मागे उरले सौम्य नर, आणि त्यांच्या दुपटीने माद्या. टोळी निवळली. नवल पुढेच आहे. बबून नर मोठे होताना आपली टोळी सोडून दुसरीकडे जातात, त्यामुळे दहा वर्षांनी त्या टोळीतले सगळे नर बाहेरून आलेले होते, इतर टोळ्यांत वाढलेले. तरी तेही इथे येऊन सौम्यपणा शिकले. खालच्या नरांच्या शरीरात ताणाच्या त्या नेहमीच्या खुणा दिसेनात. सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. मेंदू तेच, ग्रंथी त्याच. फरक पडला तो नव्याने आलेल्यांना कसे वागवले गेले त्यात.

शाळेच्या बाबतीत मला याहून जास्त काही म्हणायचे नाही. कोणाच्या प्रगतिपुस्तकात 'आक्रमक' असा शेरा आला, तर डॉक्टरला जरूर दाखवा, औषध लागले तर तेही द्या, त्यात कमीपणा नाही. पण त्याआधी आणि त्यानंतरही कान बघा, डोळे बघा, झोप बघा, भूक बघा, आणि त्याच्या मागच्या बाकावर कोण हसते तेही बघा.

आम्ही मुलांना सांगायचो, राग आला की दहा अंक मोजा. रक्तातले ॲड्रेनॅलिन नुसते निम्मे व्हायलाच दोन-तीन मिनिटे लागतात, असे आता वाचले. तेव्हा नातवंडांना मी हल्ली दोनशेपर्यंत मोजायला लावते. ती मध्येच कंटाळतात आणि भांडण कशावरून सुरू झाले ते सांगू लागतात. मला तेच हवे असते.